फारकत गावात, पुरावा तालुक्यात

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे दुसरे कलम सहसा कोणी वाचत नाही. कायदा कोणाला लागू, एवढेच त्यात सांगितले आहे: हिंदू, बौद्ध, जैन, शीख. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात एक अपवाद आहे. केंद्र सरकारने राजपत्रात वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय या कायद्यातले काहीही अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. गोंड आणि माडिया यांच्यासाठी अशी अधिसूचना निघालेली नाही. म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराखाली, दोन माडिया माणसांचे लग्न झाले आणि ते मोडले, तर घटस्फोटाच्या ज्या कलमांची चर्चा वर्तमानपत्रांत आणि मालिकांत चालते, ती त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाहीत.

याचा अर्थ त्यांना घटस्फोट नाही असा नव्हे. उलट, त्यांच्याकडे तो आपल्याही आधीपासून आहे. हिंदू स्त्रीला कायद्याने नवऱ्यापासून मोकळे होण्याची वाट आपल्याकडे फार उशिरा उघडली. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये तसा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. त्या वेळी चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोली, जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, त्यामुळे मुंबईचा कायदा वैनगंगेच्या काठावर पोहोचलाच नाही. ज्या जातींत काडीमोडाची रीत नव्हती, त्यांच्या बायकांना १९५५ पर्यंत थांबावे लागले. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ मध्ये छापले. गोंडांत नवरा-बायको वेगळे होऊ शकतात, बाई दुसऱ्याकडे गेली तर नव्या नवऱ्याने पहिल्याचा लग्नाचा खर्च भरून द्यायचा, ही रीत त्यात नोंदवलेली आहे. ज्यांना मागास म्हटले गेले, त्यांच्यात ही सोय होती. सुधारलेल्यांना ती संसदेकडून मिळवावी लागली.

रीत साधारण अशी चालते. गोंड-माडियांत मुलीला हुंडा नसतो, मुलाकडून देज दिले जाते. लग्न हा दोन माणसांइतकाच दोन कुळांचा व्यवहार असतो. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणाऱ्यांचे गट ठरलेले असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. म्हणून लग्न मोडते तेव्हाही दोन्ही कुळे बसतात. गावचा पाटील, भुमिया किंवा गायता, दोन्हीकडची वडीलधारी माणसे, आणि प्रकरण एका गावात न मिटण्यासारखे असेल तर इलाक्यातली जाणती माणसे. कोणी कोणाला सोडले, देज परत करायचे का, किती, दंड कोणावर, मुले कोणाकडे, यावर बोलणे होते. ठरले की ठरले. पुष्कळदा बाई आधीच माहेरी गेलेली असते किंवा दुसऱ्याच्या घरी राहायला लागलेली असते आणि बैठक फक्त हिशोब मिटवायला होते. सूरजागड इलाक्यात सत्तरच्या आसपास गावे मोडतात, त्यामुळे कोणाची फारकत झाली हे कळायला कचेरीची गरज पडत नाही. ठाकुरदेवाच्या जत्रेला सगळे भेटतातच.

या रीतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. मुले बापाच्या कुळाची मानली जातात, त्यामुळे बाई मोकळी होते ती अनेकदा मुलांशिवाय. बैठकीत बोलणारे बहुतेक पुरुष असतात. आणि देज परत करण्याची ऐपत माहेरी नसेल, तर मारहाण सोसणारी बाईसुद्धा तिथेच राहते. वकील नको, तारीख नको, हे खरे, पण न्याय फुकट मिळतो असे म्हणता येणार नाही.

आता मुख्य अडचण. बैठकीत झालेल्या फारकतीचा कागद नसतो, आणि सूरजागडच्या आसपासचे जगणे गेल्या काही वर्षांत कागदाचे झाले आहे. डोंगरावरची लोहखनिजाची खाण २०२१ पासून जोमाने सुरू झाली. खाणीत आणि तिच्या आगेमागे मजुरी, गाडीवरची कामे, सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या आल्या. नोकरी आली की भविष्य निर्वाह निधी येतो, आणि निधीच्या अर्जात वारस म्हणून पत्नीचे नाव लिहावे लागते. कोणती पत्नी? पहिली, जिला दहा वर्षांपूर्वी गावासमोर सोडले, की आता घरात आहे ती? माणूस जिवंत आहे तोवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. ट्रकखाली गेला की दोघी कचेरीत येतात.

सरकारी योजनांचेही तसेच. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट होऊन पोटगी न मिळालेल्या आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बायकाही बसतात. वर्षाचे उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे. पण घटस्फोट म्हटले की तहसील कचेरी न्यायालयाचा कागद मागते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा सगळ्या होत्या, तेव्हा फारसे कोणी खोलात गेले नाही. २०२५ मध्ये त्याच योजनेच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवरा वारला असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या, असे सांगण्यात आले. ज्या बाईला देशाच्या कायद्यानेच न्यायालयातल्या घटस्फोटातून वगळले आहे, तिच्याकडे न्यायालयाचा आदेश मागणे हा प्रकार माझ्या मते साधा विसराळूपणा नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती बाई कधी आलेलीच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

वनहक्काच्या पट्ट्यातही ही गाठ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या माणसाला पट्टा मिळतो तो नवरा आणि बायको दोघांच्या नावाने. कायद्यातली ही तरतूद फार चांगली. पण पट्टा विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, फक्त वारसांकडे जातो. फारकत झाली, बाई माहेरच्या गावी गेली, तरी तिचे नाव पट्ट्यावर राहते आणि जमीन दुसरी बाई कसते. गावच्या बैठकीत देजाचा हिशोब होतो, पट्ट्याचा विषय सहसा निघत नाही. तो काढायला हवा.

जुनी नोंद कुठे शोधायची

घटस्फोटाची नोंद कुठे असते, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेत ग्रामीण भागातला माणूस आपल्या काउंटीच्या न्यायालयात जातो, तिथल्या कारकुनाकडे निकालांच्या सूची असतात. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथे पोर्तुगीज काळापासून विवाहाची नोंदणी होते, आणि न्यायालयाने लग्न मोडले की नागरी नोंदणी कचेरीतल्या त्याच विवाहनोंदीवर तसा शेरा मारला जातो. एक वही उघडली की लग्नही कळते आणि त्याचे पुढे काय झाले तेही.

महाराष्ट्रात अशी वही नाही. १९६९ चा नोंदणी कायदा जन्म आणि मृत्यू यांच्यापुरता आहे. लग्नासाठी आपल्याकडे १९९८ चा वेगळा कायदा आहे, आणि गावपातळीवर ग्रामसेवक विवाह निबंधक म्हणून काम करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे सांगितले, त्यानंतर नोंदणी वाढलीही. पण घटस्फोट झाल्यावर त्या वहीत खूण करण्याची रीत नाही. ग्रामपंचायतीचा विवाहाचा दाखला त्यामुळे एवढेच सांगतो की अमुक दिवशी यांचे लग्न झाले होते. आजही आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. सोयरीक जुळवताना दाखला दाखवणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

न्यायालयात झालेल्या घटस्फोटाची नोंद त्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असते आणि इतर कुठेही नसते. म्हणून पहिला प्रश्न: निकाल कोणत्या न्यायालयाचा? गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचे प्रकरण असेल तर शोध चंद्रपुरातून सुरू करायचा. जिल्हा झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतले असेल, तर दोन्ही ठिकाणी विचारणे शहाणपणाचे. अलीकडचे प्रकरण असेल तर गडचिरोलीचे जिल्हा न्यायालय, किंवा सूरजागडला जवळचे म्हणून अहेरीचे न्यायालय.

अलीकडच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असेल तर ई-कोर्ट सेवेच्या ॲपवर प्रकरण कुठे आहे, निकाल कधी लागला, हे मोबाइलवर दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोधता येते. नावाच्या स्पेलिंगचा मात्र भरवसा नाही. एकच आडनाव पोलीस ठाण्यात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे, हे इकडे नेहमीचे आहे. दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावे. वैवाहिक प्रकरणांतले आदेश अनेकदा सगळ्यांना उघडत नाहीत. त्यालाही कारण आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमानुसार ही सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा तपशील छापण्यावर बंदी आहे. त्यामुळे शेजाऱ्याचा घटस्फोट खरा की खोटा, हे बघायला गेलात तर निराशाच होईल, आणि ते योग्यच आहे.

स्वतःच्या निकालाची प्रत मिळवणे सोपे आहे. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा, प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख लिहायची. मिळते ती सहीशिक्क्याची प्रमाणित प्रत. झेरॉक्स दाखवून काम होईल असे समजू नका, बँक आणि निवृत्तिवेतनाची कचेरी प्रमाणित प्रतच मागतात. एक गोष्ट वकीलसुद्धा विसरतात: त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की दोन्ही पक्षांना त्याची एक प्रत मोफत द्यायची असते. ती निकालाच्या वेळीच मागून घ्यावी आणि घरी ठेवताना पत्र्याच्या पेटीत ठेवावी. पावसाळ्यात इकडच्या छपराखाली कागद टिकत नाही. तिऱ्हाइताला, म्हणजे मुलगा, दुसरी पत्नी, वारस यांना, प्रत हवी असेल तर कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आणि घाई करावी, कारण निकाल आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपले जातात, पण साक्षी आणि बाकीचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात.

अर्ज कोणी, कुठे, कसा

गडचिरोलीत सगळेच आदिवासी नाहीत. बौद्ध आहेत, तेली-कुणबी आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे आहेत, मुलचेरा आणि चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे आहेत. यांच्यातले हिंदू आणि बौद्ध १९५५ च्या कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठी मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी हा घटस्फोट नव्हे. जातीत तशी जुनी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, कारण कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीतला घटस्फोट जिवंत ठेवला आहे. पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की रूढी आहे असे नुसते म्हणून चालत नाही, ती मांडावी आणि शाबीत करावी लागते. नोटरींनी लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करू नयेत, अशी ताकीद केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ मध्ये दिली. तरीही तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखकाच्या टेबलावर असे कागद होतात. असा कागद घेऊन दुसरे लग्न केलेल्या माणसाचे पहिले लग्न कायद्याच्या लेखी तसेच उभे असते.

रीतसर अर्ज करायचा तर लग्नाला एक वर्ष झालेले असावे लागते, अगदी असह्य त्रास असेल तरच त्याआधी परवानगी मिळते. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे अर्ज जिल्ह्यातल्या सक्षम दिवाणी न्यायालयात जातो. लग्न जिथे झाले, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले, किंवा समोरचा जिथे राहतो, तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने आणखी एक जागा आली: बायको अर्जदार असेल तर ती स्वतः जिथे राहते तिथे. नागपूरला दिलेली आणि माहेरी अहेरीला परत आलेली मुलगी त्यामुळे अहेरीच्या बाजूनेच दाद मागू शकते, तिला दर तारखेला नागपूर गाठावे लागत नाही. अर्जासोबत लग्नाचा दाखला, तो नसेल तर पत्रिका आणि फोटो, दोघांचे पत्ते, मुलांचे जन्मदाखले आणि प्रतिज्ञापत्र लागते.

परस्परसंमतीचा मार्ग सर्वांत कमी मनस्तापाचा. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघे मिळून अर्ज करतात, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती सांगतात. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. एकतर्फी अर्जासाठी क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा त्याग अशी कारणे लागतात. या यादीत २०१९ पर्यंत कुष्ठरोगही होता. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले, तिथेही औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या या रोगाच्या नावाखाली जोडीदाराला सोडण्याची मुभा साठहून अधिक वर्षे कायद्यातच होती. २०१९ मध्ये ती काढली गेली. निकालानंतर अपिलाची मुदत नव्वद दिवस असते, ती संपल्याशिवाय दुसरे लग्न करू नये.

खर्चाची धास्ती असते, तीही थोडी कमी करू. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचा वाद या बाबतींत बायकांना महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्क माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाखाली कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जातीजमातींच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गडचिरोलीच्या न्यायालयातच आहे, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. खरा खर्च प्रवासाचा. सूरजागडहून एटापल्ली, मग आलापल्ली, आष्टी, चामोर्शी आणि गडचिरोली, तेही खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याने. पलीकडे भामरागडला तर पर्लकोटेला पूर आला की तारीख चुकलीच म्हणून समजा.

मग माडिया बाईने काय करायचे

ज्यांना हा कायदा लागू नाही त्यांनी कोर्टाकडे जायचेच नाही, असे नाही. झारखंडमध्ये उराँव जमातीच्या एका जोडप्याच्या घटस्फोटाचा अर्ज रांचीच्या कुटुंब न्यायालयाने, तुमच्यासाठी लिहिलेला कायदा नाही म्हणून, फेटाळला होता. २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कुटुंब न्यायालय सगळ्यांसाठी आहे, जमातीची रूढी काय ती पुराव्याने समजून घ्या आणि त्याप्रमाणे निवाडा करा, असे सांगितले. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला भक्कम आधार आहे. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात जाहीरनाम्याचा दावा लावता येतो. आमची फारकत अमुक तारखेला जमातीच्या रीतीप्रमाणे झाली आहे, एवढे न्यायालयाने जाहीर करावे, अशी ती मागणी असते. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे ३४ वे कलम त्यासाठी आहे. बैठकीला हजर असलेली माणसे साक्षीदार म्हणून लागतात. ती म्हातारी झालेली असतात, माडिया बोलतात, आणि न्यायालयात दुभाषा मिळेलच असे नाही. म्हणून भांडण उभे राहायच्या आधीच कागद करून ठेवणे बरे.

दुसरी बाजू २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसते. नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून एका उराँव बाईने फौजदारी तक्रार केली. नवरा संताळ. जमातीत एकाच बायकोची रूढी आहे, असे तिचे म्हणणे होते, पण ती रूढी नीट मांडली आणि सिद्ध केली नाही म्हणून ती हरली. म्हणजे पुराव्याचा भार इथेही बाईवरच. हिंदू घरातल्या बाईच्या हातात द्विभार्येचा गुन्हा हे निदान एक हत्यार असते. माडिया बाईच्या हातात ते आपोआप येत नाही.

तिच्या हातात दोन गोष्टी मात्र नक्की आहेत. एक पोटगी. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे, जात-धर्म-जमात पाहत नाही. दुसरी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मिळू शकतो, आणि लग्नाचा दाखला नसला तरी लग्नासारखे एकत्र राहिल्याचे दाखवले तर पुरते. हे इकडे महत्त्वाचे आहे. लग्नाचे जेवण घालण्याची ऐपत नाही म्हणून वर्षानुवर्षे तसेच एकत्र राहणारी जोडपी गडचिरोलीत खूप आहेत, आणि मग पोलीस दल आणि स्वयंसेवी संस्था त्यांची सामूहिक लग्ने लावतात. पुढे नोंदणी होणार असेल तर अशा मांडवातच दाखला मागून घ्यावा. आदिवासी मुलगा आणि बिगरआदिवासी मुलगी, किंवा उलट, असे लग्न असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करावे. पुढे वेगळे व्हायची वेळ आली तर कोणता कायदा लागू यावर दोन वर्षे वाद घालावा लागत नाही.

बैठकीत ठरलेले कागदावर आणायचा मार्गही कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमातीच्या रूढी आणि वाद मिटवण्याच्या पारंपरिक पद्धती जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. ग्रामसभा हुकूमनामा देऊ शकत नाही, पण ठराव लिहू शकते: अमुक गावच्या अमुक कुळातल्या दोघांची फारकत अमुक तारखेला रीतीप्रमाणे झाली, देजाचा हिशोब असा मिटला, मुले अशी, वनहक्काच्या पट्ट्यावर कोण कसणार ते असे. दोघांच्या सह्या किंवा अंगठे, दोन्ही गावांचे पाच-सहा साक्षीदार, ग्रामसभेचा शिक्का. ठरावाची एक प्रत बाईकडे राहिली पाहिजे, हे मी आवर्जून लिहितो, कारण कागद नेहमी पुरुषाच्या पिशवीत जातो. उद्या जाहीरनाम्याचा दावा लागला, तर याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नसेल. बैठकीने एक गोष्ट मात्र करू नये. दंड भरला नाही म्हणून कोणाला वाळीत टाकणे हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, मग तो निर्णय कितीही जुन्या रीतीचा असो.

उत्तराखंडने समान नागरी कायदा आणला, तिथे लग्नासारखी घटस्फोटाचीही नोंदणी सक्तीची केली, आणि अनुसूचित जमातींना त्यातून वगळले. वगळणे योग्य की अयोग्य, यावर वाद होत राहील. पण वगळायचे तर पुढची जबाबदारीही घ्यायला हवी. तुमची रीत तुमची, असे म्हणायचे, आणि त्या रीतीने झालेल्या फारकतीचा कागद मात्र दारात आल्यावर नाकारायचा, हे दोन्ही एकाच वेळी चालू शकत नाही. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेचा फारकतीचा ठराव निराधार योजनेपासून वारसनोंदीपर्यंत पुरावा म्हणून स्वीकारावा, असा एक शासननिर्णय निघाला, तर एटापल्लीच्या तहसील कचेरीतून हात हलवत परतणाऱ्या पुष्कळ बायकांचे काम होईल. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. तोवर ग्रामसभांनी ठराव लिहायला सुरुवात करावी.